पारखून घ्या : जुन्या ऐरणीपासून बोध

शास्त्रपाठ : १ शमुवेल १३:१९-२२, नीतिसूत्रें २०:१४, १ थेस्सलनीकाकरांस ५:२०, २१



शौल राजाच्या काळीं इस्राएल लोकांवर एक विलक्षण संकट आलें होतें. तो दुष्काळ नव्हता आणि रोगराईहि नव्हती. पण सबंध देशांत एकहि लोहार उरला नव्हता. पलिष्ट्यांनीं तशी व्यवस्थाच केली होती. कारण इब्री लोकांनीं तरवारी किंवा भाले घडवूं नयेत, अशी त्यांची इच्छा होती. परिणाम असा झाला कीं, नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड किंवा विळा यांस धार लावावयाची झाली, तर इस्राएली शेतकऱ्यानें शत्रूच्या दारीं जावें आणि तो मागेल तें मोल द्यावें. पुढें लढाईचा दिवस उगवला, तेव्हां शौल व त्याचा पुत्र योनाथान यांवांचून कोणाच्याहि हातीं तरवार किंवा भाला नव्हता.

हा वृत्तांत जालना, अंबड, भोकरदन, परतूर इकडील शेतकऱ्यांस फोड करून सांगावा लागत नाहीं. पूर्वीं गांवच्या बलुतेदारांत लोहार हा एक असे. पेरणीच्या आधीं फाळ व पास त्याच्याकडे शेवटावयास जात, गाडीच्या चाकावर धांव तो चढवी, आणि सुगीच्या वेळीं त्यास बलुतें मिळे. घिसाडी बांधव गाडीवर संसार घालून येत, गांवाबाहेर पाल देत आणि विळे, खुरपीं, कोयते घडवून देत. ट्रॅक्टर आले, तयार अवजारें बाजारांत आलीं, आणि पुष्कळ गांवांतील भट्ट्या विझल्या. भाता फाटला तो कोणीं शिवला नाहीं. ऐरण गोठ्यांत किंवा परसांत पडून राहिली. जालना शहर आज लोखंडी सळईच्या धंद्याविषयीं प्रसिद्ध आहे. तेथील भट्ट्यांत भंगार वितळतें व त्याच्या सळया होतात. भंगारवाल्याचा कांटा दारीं आला म्हणजे ऐरणहि त्यावर चढते. आणि जिच्यावर बापानें व आज्यानें घाव घातले, ती वितळून सळई होऊन जाते.

परंतु प्रियजनहो, हा धंदा अगदींच संपलेला नाहीं. वेल्डिंगच्या दुकानीं काम करणाऱ्या एखाद्या मुलास वाटतें कीं, आपणहि लोखंड तापवून घडवावें, गांवच्या अवजारांस धार लावावी, आणि चार पैसे घरीं आणावे. नवी चांगली ऐरण घेण्याचें त्याचें सामर्थ्य नसतें. म्हणून तो जुनी शोधतो, आणि मनांत भितो : ही घ्यावी कीं न घ्यावी? कष्टाचा पैसा फुकट जाईल काय? अशा मुलास प्रेषित पौलाचा उपदेश फार उपयोगी आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीस तो भविष्यवादांविषयीं लिहितो कीं, त्यांस तुच्छ लेखूं नये, पण सर्व गोष्टींची पारख करावी, व जें उत्तम ठरेल तें घट्ट धरावें. त्यांत दोन चुकांपासून त्यानें आपणांस आवरलें आहे. जुनें म्हणून टाकून देणें ही एक चूक. जुनें म्हणून डोळे मिटून घेणें ही दुसरी. या दोहोंच्या मधून जी वाट जाते, ती पारखीची. तिजवर आपण आज चालूं या.

पहिली गोष्ट : पारख नीट कशी करावी

आपल्या गांवठी लोहाराची ऐरण बहुधा लहान, चौकोनी ठोकळ्याची असते. तिचें खालचें टोंक लांकडाच्या ओंडक्यांत बसविलेलें असतें, आणि लोहार तिच्यापुढें बसून काम करितो. कारखान्यांतील मोठी ऐरण निराळी. तिच्या एका बाजूस बैलाच्या शिंगासारखी निमुळती चोंच असते. तिच्यावर लोखंडास गोलाई देतात. चोंच व माथा यांच्या मध्यें एक पायरी असते, आणि माथ्यावर एक चौकोनी व एक वाटोळें भोंक असतें. इंग्लंडांत घडलेली जुनी ऐरण मिळाली, तर पुष्कळदां तिच्या कुशीवर तीन आंकडे खोदलेले आढळतात. नवशिक्यास त्यांचा अर्थ कळत नाहीं. पहिला आंकडा हंड्रेडवेटांचा, म्हणजे दर एकास ११२ पौंड. दुसरा पावांचा, म्हणजे दर एकास २८ पौंड. आणि तिसरा सुट्या पौंडांचा. १-२-१० असें लिहिलेलें असेल, तर ११२, ५६ व १० मिळून १७८ पौंड, म्हणजे सुमारें ८१ किलो वजन झालें.

आतां परीक्षा. प्रथम तारेच्या कुंचल्यानें गंज काढून उजेडांत पाहा. पुष्कळ जुन्या ऐरणींचें अंग मऊ लोखंडाचें असून माथ्यावर पोलादाची पाटी जोडलेली असते. त्या सांध्याभोंवतीं फट आहे काय? माथ्यावर भेग आहे काय? नंतर हलक्या हातोडीनें माथ्यावर ठिकठिकाणीं टोला द्या. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर चांगलें चिन्ह. एके ठिकाणीं नाद व दुसऱ्या ठिकाणीं बद्द आवाज आला, तर त्या ठिकाणीं पाटी सुटली असेल किंवा आंत भेग असेल.

पण केवळ नादावर निकाल देऊं नका. कांहीं ऐरणींचें अंग ओतीव लोखंडाचें असतें. त्या मुळांतच कमी वाजतात, तरी त्यांचा माथा उत्तम पोलादी असूं शकतो. कित्येक लोहार तर कानांस त्रास होऊं नये म्हणून ऐरणीस सांखळी गुंडाळून तिचा नाद मुद्दाम दाबून टाकतात. म्हणून तिसरी परीक्षा करा. मोडक्या बेअरिंगमधील पोलादी गोळी, जिला मिस्त्री छर्रा म्हणतात, ती घ्या. फूटपट्टी उभी धरून दहा इंचांवरून गोळी माथ्यावर सोडा आणि ती किती उसळते तें पाहा. सात इंच किंवा अधिक उसळली, तर माथा कणखर आहे. पांच इंचहि आली नाहीं, तर पोलाद मऊ आहे; हातोड्याचा जोर ऐरणच गिळील, आणि तापलेलें लोखंड घडावयास दुप्पट श्रम पडतील. हा प्रयोग माथ्यावर सर्वत्र करा. जी ऐरण घर जळतांना आगींत सांपडली, ती पाहावयास धडधाकट दिसते. पण पोलादास दिलेलें पाणी त्या उष्णतेनें उतरलेलें असतें. तिचें दुखणें डोळ्यांस दिसत नाहीं. गोळी मात्र तें सांगते.

बंधूंनो, मंडळींतहि आपण अनेकदां नादावर भुलतों. ज्याची प्रार्थना मोठ्यानें होते, ज्याचें गायन गोड आहे, तो खरा असें म्हणतों. आणि जो मागें उगाच बसतो, तो निर्जीव असें ठरवितों. पण कोणाला दुःखानें सांखळी गुंडाळली आहे, कोणाचा स्वभावच मितभाषी आहे. माणसाची खरी पारख घाव पडल्यावर होते. पीक बुडालें, मूल दगावलें, शेजाऱ्यानें अपमान केला, तेव्हां त्याच्यांतून काय उसळून वर येतें? शिवी येते, कीं क्षमा येते? आणि ही गोळी दुसऱ्याच्या माथ्यावर टाकण्याआधीं प्रत्येकानें ती स्वतःच्या माथ्यावर टाकून पाहावी.

दुसरी गोष्ट : कोणत्या उणीवेसाठीं टाकून देऊं नये

ज्या ऐरणीवर काम झालें, तिच्या कडा झिजलेल्या किंवा चिरलेल्या असणारच. मधला भाग किंचित् खोल गेलेला असणारच. नवशिक्या तें पाहून नाक मुरडतो. पण चार बोटें चांगली, सरळ कड आणि एक कणखर सपाट जागा एवढें मिळालें, तर शिकण्यास तें पुरे आहे. थोडीशी खोल जागा तर वांकडी सळई सरळ करण्यास उपयोगीच पडते. तीक्ष्ण फुटक्या कडा मात्र कानसेनें थोड्या गोल कराव्या. कारण त्यांचे कपचे उडून डोळ्यांत जाण्याचें भय असतें, आणि तापलेल्या लोखंडांतहि अशी कड नको तेथें खांच पाडते.

येथें एक मोठा मोह असतो. ऐरण घरीं आणली कीं, ती आरशासारखी करावी असें वाटतें. मग ग्राइंडर लावून सगळा माथा घांसून काढतात. पण पोलादी पाटीची जाडी पुष्कळदां अर्ध्या इंचाहून फारशी नसते, आणि तिच्यांत जो कणखरपणा आहे, तीच तिची सारी किंमत. खळगे नाहींसे करण्याच्या हौसेनें तो कणखरपणाच घांसून जातो. दुसरे कोणी चिरलेल्या कडेवर वेल्डिंगचा थर चढवितात. जाणत्या कारागिरानें ऐरण आधीं सबंध तापवून, योग्य कांडी वापरून, नंतर हळूहळू निवूं दिली, तर तें साधतें. थंड ऐरणीवर घाईनें केलेलें वेल्डिंग शेजारच्या पोलादास भेगा पाडतें. म्हणून थोर लोहार सांगतात कीं, आधीं वर्षभर काम करा, मग काय दुरुस्त करावयाचें तें ठरवा.

हें वाक्य मला विशेषेंकरून आमच्या तरुण उपदेशकांस सांगावयाचें आहे. नव्या मंडळींत जातांच तेथील प्रत्येक खळगा घांसून काढण्याची घाई करूं नका. त्या म्हाताऱ्या आजीस वाचतां येत नाहीं, तिचें बोलणें ओबडधोबड आहे, प्रार्थनेंत ती तेच चार शब्द पुनःपुन्हां बोलते. पण तिच्या माथ्यावर चाळीस वर्षांचे घाव पडले आहेत आणि ती फुटलेली नाहीं. तिच्या कडा घांसण्याच्या नादांत तिचा विश्वास झिजवूं नका. पाप असेल तेथें भेग दाखविलीच पाहिजे. पण झीज म्हणजे भेग नव्हे.

तिसरी गोष्ट : मोल खरेपणानें द्यावें

आतां पारखीपेक्षां कठीण असा विषय येतो. समजा, एका गांवीं लोहाराची विधवा आहे. नवरा वारला, मुलें शहरांत गेलीं. ऐरण तिला जड झाली आहे, आणि भंगाराच्या भावानें किलोवर विकावयास ती तयार आहे. तुम्ही तेथें गेलां. तुमच्या खिशांत छर्रा आहे. तुम्हीं टोला दिला, नाद ऐकिला, गोळी सोडली आणि ती आठ इंच वर आली. तुम्हांस कळून चुकलें कीं, हें भंगार नव्हे. त्या बाईस हें माहीत नाहीं. त्या घटकेस तुमच्या मुखांतून कोणते शब्द निघतील?

शलमोन राजास बाजाराची रीत ठाऊक होती. नीतिसूत्रांत त्यानें त्या गिऱ्हाइकाचें चित्र काढलें आहे, जो माल हातीं घेऊन टाकाऊ म्हणून निंदितो, आणि घरीं गेल्यावर आपल्या सौद्याची फुशारकी मारितो. कोणी म्हणेल, "व्यवहारांत असें चालतेंच, तिनें जो भाव सांगितला, तो मीं दिला, यांत खोटें कोठें आहे?" परंतु मोशेच्या नियमशास्त्रांत अशी आज्ञा आहे कीं, कोणाच्या जात्याची तळी गहाण ठेवून घेऊं नये, कारण तें त्याचें जीवनच गहाण ठेवण्यासारखें आहे (अनुवाद २४:६). हत्यारांत माणसाचें पोट असतें, हें देवानें ओळखिलें आहे. त्या विधवेच्या घरांतील ती ऐरण म्हणजे तिच्या नवऱ्याच्या आयुष्यभराचें भांडवल होय. तिचें खरें मोल काय तें तिला सांगणें, ती देऊं इच्छील तर सवलत मागणें, आणि एकदम पैसे नसतील तर हप्त्यानें देण्याचा करार करून तो पाळणें, ही ख्रिस्ती माणसाची रीत आहे. पारख करण्याची बुद्धि देवानें दिली, ती दुबळ्याच्या अज्ञानावर नफा मिळविण्यासाठीं दिली नाहीं. ज्यास अधिक कळतें, त्याजवर अधिक जबाबदारी येते.

हाच नियम उलटहि लागू आहे. भेग माहीत असून तिजवर काळा रंग फांसून ऐरण विकणें ही चोरी आहे. खोट्या वजनाच्या तराजूविषयीं देवाचा जो निकाल, तोच खोट्या नादाच्या ऐरणीविषयीं.

चौथी गोष्ट : बैठक व वापर

चांगली ऐरण डळमळत्या जागेवर ठेविली, तर व्यर्थ. बाभळीसारख्या कठीण लांकडाचा रुंद ओंडका घ्यावा, तो जमिनींत पुरून घट्ट ठोकावा, आणि ऐरण त्यावर पट्ट्यांनीं आवळून बसवावी. उभें राहून काम करणाऱ्यानें हात खालीं सोडून मूठ वळावी. त्या मुठीच्या उंचीवर ऐरणीचा माथा यावा. फार उंच असेल तर खांदा दुखतो. फार ठेंगणी असेल तर कंबर जाते. बैठक हलूं लागली कीं, अर्धा घाव जमिनींत व अर्धा हवेंत जातो. वचनाच्या पायावर न बसलेल्या उत्साहाचेंहि असेंच होतें.

वापराचे नियम थोडे, पण कडक आहेत. रिकाम्या ऐरणीवर हातोडा मारूं नका. मध्यें तापलेलें लोखंड असलें पाहिजे. थंड लोखंड ठोकूं नका; तें चांगलें तापून नारिंगी-पिंवळें झालें म्हणजे घाव घाला, आणि लाली उतरतांच पुन्हां विस्तवांत घाला. छिन्नीनें तोडावयाचें असेल तर माथ्यावर तोडूं नका. पायरीवर तोडा किंवा खालीं मऊ लोखंडाची पट्टी घाला, म्हणजे पोलादी माथ्यावर छिन्नीची जखम होणार नाहीं. थंडीच्या दिवसांत पहांटे काम काढलें, तर आधीं एखादा तापलेला तुकडा माथ्यावर ठेवून ऐरण कोमट करा; गार पोलाद कपचा टाकण्याचा संभव असतो, आणि गार ऐरण लोखंडांतील ऊबहि लवकर शोषून घेते. डोळ्यांवर चष्मा लावा. पावसाळ्यांत माथ्यास तेलाचा हात फिरवा. आरंभीं कोयत्याची हौस धरूं नका. खिळा, आंकडा, खुरपें, या क्रमानें शिका.

आणि एकट्यानें शिकूं नका. गांवांत जुना लोहार असेल, किंवा घिसाड्यांचें पाल पडलें असेल, तर जाऊन त्यांच्या शेजारीं बसा, भाता ओढा, आणि "मामा, मला दाखवा" असें नम्रपणें म्हणा. ज्यांस लोकांनीं गांवकुसाबाहेर ठेविलें, त्यांच्या हातीं ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे. त्यांस गुरु म्हणण्यांत कमीपणा नाहीं. आणि अमक्या जातीचा धंदा म्हणून लाजण्यांतहि अर्थ नाहीं. बसालेल व अहलियाब यांस धातूचें काम करण्याची बुद्धि देवाच्या आत्म्यानें दिली, असें निर्गमाच्या पुस्तकांत आहे. स्वतः पौल तंबू शिवीत असे. अहमदनगर, हल्लींचें अहिल्यानगर, येथें अमेरिकन मराठी मिशनच्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेंत मुलांस हातकाम शिकविलें जात असे. आणि ज्यांचा बाप्तिस्मा १८४३ सालीं मुंबईस झाला, त्या रेव्ह. नारायण शेषाद्रींनीं आपल्या जालन्याजवळच बेथेल हें ख्रिस्ती लोकांचें गांव वसविलें. आपल्या वडिलांनीं उपासना व श्रम हीं कधीं वेगळीं मानलीं नाहींत.

शेवटीं एक विचार

१५६२ सालीं फ्रान्स देशांत वासी या गांवीं उपासनेस जमलेल्या प्रॉटेस्टंट लोकांची कत्तल झाली. त्या वेळीं थिओडोर बेझा हा शास्त्री नव्हारच्या राजापुढें उभा राहिला, आणि देवाच्या मंडळीस त्यानें ऐरणीची उपमा दिली. तिच्या वांट्यास घाव सोसणें आहे, घाव घालणें नाहीं. तरी पुष्कळ हातोडे तिच्यावर झिजून गेले आहेत, असा त्याचा भावार्थ होता. हें वचन ऐकून आपण फुशारकी मारूं नये. ऐरण कोणाचा सूड घेत नाहीं. आपला प्रभु पिलातापुढें उगाच राहिला, आणि त्याच्यावर पडलेल्या घावांनीं आपणांस आरोग्य मिळालें.

आणखी हेंहि लक्षांत घ्या. यशया संदेष्ट्यानें एक दिवस दुरून पाहिला, जेव्हां राष्ट्रें आपल्या तरवारी मोडून त्यांचे फाळ करितील. प्रियजनहो, तरवारीचा फाळ आपोआप होत नाहीं. त्यास विस्तव लागतो, हातोडा लागतो, आणि खालीं न हलणारी एक ऐरण लागते. पलिष्ट्यांनीं ज्या देशांतून ऐरण नाहींशी केली, तो देश केवळ लढाईंत दुबळा झाला नाहीं. त्याचे नांगरहि बोथट झाले. म्हणून तुमच्या गांवांत एखादी जुनी ऐरण पडली असेल, तर ती कांट्यावर चढण्यापूर्वीं जाऊन पाहा. तिला टोला द्या, गोळी सोडा, मोल खरें द्या, आणि ती एखाद्या होतकरू मुलाच्या हवालीं करा. तसेंच मंडळींत एखादा वृद्ध बंधु किंवा भगिनी कोपऱ्यांत पडून असेल, तर या आठवड्यांत त्यांच्या दारीं जा, त्यांजपाशीं बसा आणि त्यांस विचारा कीं, इतके घाव त्यांनीं कशाच्या बळावर सोसले.

हे प्रभो, आम्हांस पारखण्याची बुद्धि, खरें मोल देण्याचें धैर्य, आणि घाव सोसून न फुटण्याची कृपा दे. आमच्या गांवांतील विझलेल्या भट्ट्या पुन्हां पेटूं दे, आणि आमच्या हातांचें काम तुझ्या दृष्टीस बरें दिसूं दे. आमेन.